ग्रीनिचचीं चार घड्याळें

लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेंत १९२० सालीं एक तरुण आरमारी अधिकारी कांहीं जुनीं घड्याळें पाहावयास गेला. जहाजांवरील घड्याळांच्या इतिहासावर ग्रंथ लिहावा असें त्याच्या मनांत होतें, आणि त्या इतिहासाचा आरंभ ज्या चार घड्याळांपासून होतो तीं एकदां डोळ्यांनीं पाहावीं, एवढाच त्याचा हेतु. घड्याळें त्याला सांपडलीं. पण तीं पाहून त्याला हर्ष झाला असें म्हणतां येत नाहीं. चारही बंद पडलेलीं होतीं. पितळेवर हिरवा कळंक चढला होता. सर्वांत जुन्या घड्याळाची स्थिति तर अशी कीं, नदीच्या गाळांतून उपसून काढलेल्या भांड्यांत आणि त्यांत फारसें अंतर उरलें नव्हतें. हींच तीं जॉन हॅरिसनचीं घड्याळें, कीं ज्यांच्यामुळें समुद्रावरचा माणूस आपण कोठें आहों हें प्रथम खात्रीनें सांगूं लागला!

या अधिकाऱ्याचें नांव रूपर्ट गूल्ड. त्यानें त्या वेळचे राजज्योतिषी सर फ्रँक डायसन यांच्याकडे परवानगी मागितली कीं, हीं यंत्रें आपण आपल्या हातानें साफ करून देऊं; मोबदला नको. परवानगी मिळाली. गूल्डनें कोणा घड्याळजीच्या हाताखालीं उमेदवारी केलेली नव्हती. घड्याळ ही त्याची हौस होती, आणि हौसेच्या बळावर त्यानें राष्ट्राची ठेव हातांत घेतली. परवानगी देणाराचें धाडस मागणाराच्या धाडसाहून कमी होतें असें कोणीं म्हणूं नये.

हीं घड्याळें एवढीं मोलाचीं कां, हें कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोंवतीं एक फेरा करते. म्हणजे तासाला पंधरा अंश, आणि एका अंशास चार मिनिटें. मुंबईंत सूर्य माथ्यावर येतो तेव्हां ग्रीनिच येथें सकाळचे सात वाजून सुमारें नऊ मिनिटें झालेलीं असतात. दोहोंतील हा चार तास एकावन्न मिनिटांचा फरक हाच मुंबईचा रेखांश होय. भारताची प्रमाणवेळ १९०६ सालीं ठरली, तरीहि तिच्या एकोणचाळीस मिनिटें मागें चालणारा 'मुंबई टाइम' पुढें कित्येक वर्षें शहरानें हट्टानें जपला, तो याच सूर्याच्या हिशेबानें. जमिनीवर हा हिशेब सोपा आहे. समुद्रावर मात्र स्थानिक वेळ सूर्यावरून कळते, पण निघाल्या बंदराची वेळ कळावयास तेथलेंच घड्याळ बरोबर असावें लागतें, आणि तें महिनोनमहिने न चुकतां चालावें लागतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं असें घड्याळ जगांत कोठेंहि नव्हतें. लंबकाचें घड्याळ जहाजाच्या डोलण्यानें बिघडे. उष्णतेनें धातु लांबे, थंडीनें आखडे. आणि तेल कधीं पातळ, कधीं घट्ट होई.

याची किंमत माणसांनीं प्राणांनीं दिली. १७०७ सालच्या ऑक्टोबरांत सर क्लाउडस्ले शॉव्हेल या सेनापतीचें आरमार स्वदेशीं परतत असतां आपलें स्थान चुकलें, आणि सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजें फुटून हजारावर माणसें बुडालीं. पुढें १७१४ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा केला: वेस्ट इंडीजपर्यंतच्या प्रवासांत अर्ध्या अंशाच्या आंत रेखांश सांगण्याची रीति जो काढील त्यास २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे घड्याळाचीं दोन मिनिटें. सहा आठवड्यांच्या प्रवासांत एवढीच चूक चालणार, म्हणजे दिवसाला तीन सेकंदांहूनहि कमी. न्यूटनसारख्या पंडितानेंहि असें घड्याळ कधीं होईल याचा फारसा भरंवसा धरला नव्हता.

तें केलें एका सुताराच्या मुलानें. जॉन हॅरिसन १६९३ सालीं यॉर्कशरमध्यें जन्मला आणि लिंकनशरमधील बॅरो या गांवीं वाढला. बापाचा सुतारकीचा धंदा तोच त्याचा. शाळेचें शिक्षण बेताचें; घड्याळें करावयास तो आपणच शिकला, आणि पहिलीं घड्याळें त्यानें लांकडाचीं केलीं. लिग्नम व्हायटी नांवाचें एक लांकूड असें आहे कीं त्यांतूनच तेलकट द्रव्य पाझरतें. त्याचे भाग बसविले म्हणजे वरून तेल घालावें लागत नाहीं. तेल नाहीं तर तेलाचें घट्ट होणेंहि नाहीं. रोग बरा करण्याऐवजीं त्याचें कारणच काढून टाकावयाचें, ही हॅरिसनची बुद्धि पुढें सर्वत्र दिसते.

त्याचें पहिलें समुद्री घड्याळ १७३५ सालीं पुरें झालें. वजन सुमारें ३४ किलो, म्हणजे आपल्या जुन्या मणाला थोडेंसेंच कमी. त्यांत लंबक नाहीं. त्याच्या जागीं दोन्ही टोकांस गोळे असलेले दोन दांडे एकमेकांस जोडलेले आहेत आणि ते नेहमीं परस्परांविरुद्ध झुलतात. जहाजाच्या हेलकाव्यानें एकाला जो धक्का बसेल तो दुसरा फेडून टाकतो. १७३६ मध्यें हें घड्याळ लिस्बनला जाऊन आलें. परतीच्या वाटेवर इंग्लंडचा किनारा दिसूं लागला तेव्हां जहाजाचा नावाडी म्हणाला, हें स्टार्टचें टोंक. हॅरिसन म्हणाला, नव्हे, हें लिझर्ड. लिझर्डच निघालें; नावाड्याची चूक साठ मैलांच्या वर होती.

येथें दुसरा कोणी बक्षिसासाठीं अडून बसला असता. हॅरिसनला आपलेंच घड्याळ पसंत पडेना. त्यानें दुसरें केलें, तेंहि मनास येईना म्हणून समुद्रावर पाठविलेंच नाहीं. तिसऱ्यावर एकोणीस वर्षें घालविलीं. या तिसऱ्या घड्याळासाठीं त्यानें पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी बसविली; उष्णतेनें दोन धातु कमीअधिक वाढतात, त्यामुळें पट्टी वांकते आणि घड्याळाची गति आपोआप सुधारते. विजेच्या इस्त्रींत ऊन बेताचें राखणारी जी पट्टी असते ती या युक्तीचीच वंशज. आणि एवढें झाल्यावर १७५९ सालीं त्यानें चौथें घड्याळ पुरें केलें तें या तिहींसारखें मुळींच नव्हतें. तें मोठ्या खिशांतल्या घड्याळासारखें, व्यास पांच इंचांच्या किंचित् वर, सेकंदाला पांच ठोके देणारें. त्याचा मुलगा विल्यम तें घेऊन १७६१ मध्यें जमेकास निघाला. ८१ दिवसांच्या प्रवासांत घड्याळ अवघे पांच सेकंद मागें पडलें.

पुढची हकीगत सांगावयास आनंदाची नाहीं. बक्षीस देणारें रेखांश-मंडळ नवनव्या अटी घालीत राहिलें. त्यांत चंद्राच्या गतीवरून रेखांश काढणाऱ्या ज्योतिषांचा भरणा होता, आणि सुताराच्या पेटींत ग्रहताऱ्यांचें उत्तर असावें हें त्यांच्या गळीं उतरत नव्हतें. १७६५ मध्यें निम्मी रक्कम मिळाली, तीहि घड्याळाचें सारें रहस्य उघड करून दिल्यावर. १७६६ मध्यें राजज्योतिषी मॅस्कलीन स्वतः हॅरिसनच्या घरीं जाऊन पहिलीं तीन घड्याळें सरकारजमा करून घेऊन गेला; नेतांना पहिलें घड्याळ खालीं पडलें. मग कमानी नसलेल्या गाडींतून, दगडी रस्त्यांवरून तीं ग्रीनिचला पोंचलीं. तिसऱ्या जॉर्ज राजानें लक्ष घातल्यावर १७७३ मध्यें पार्लमेंटनें म्हाताऱ्याला आणखी ८,७५० पौंड दिले. १७७६ मध्यें तो वारला.

त्याच्या घड्याळाची नक्कल घेऊन कॅप्टन कुक दुसऱ्या जगप्रवासाहून १७७५ सालीं परतला तो तिचें तोंडभर कौतुक करीतच. पुढें क्रॉनोमीटर हें जहाजाचें नित्याचें उपकरण झालें. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेची स्थापना १८२६ मध्यें झाली, तिच्या पहिल्या कामांपैकीं बंदरांतल्या जहाजांना अचूक वेळ पुरविणें हें एक होतें. इकडे मूळचीं चार घड्याळें मात्र ग्रीनिचला पडून राहिलीं. १८३६ मध्यें लंडनच्या आर्नल्ड आणि डेंट या पेढीनें तीं एकदां साफ केलीं. नंतर पुन्हा अंधार. वेधशाळेनें तीं फेंकून दिलीं नाहींत, पण कोणीं उघडूनहि पाहिलीं नाहींत. आपल्या घरांतल्या जुन्या पोथ्यांना आपण यापेक्षां बरें वागवितों असें छातीवर हात ठेवून किती जणांना सांगतां येईल?

आतां गूल्डकडे वळूं. त्याचा जन्म १८९० चा, साउथसी या गांवचा. लहानपणींच आरमारांत गेला. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होतांच त्याचें मन एकाएकीं ढासळलें. दीर्घ विश्रांतीनंतर १९१६ मध्यें त्याला ॲडमिरल्टीच्या नकाशांच्या खात्यांत बैठें काम मिळालें. जहाजावर तो पुन्हा गेला नाहीं. अशा माणसाच्या हातीं १९२० मध्यें तीं बंद पडलेलीं यंत्रें आलीं, हें ध्यानांत ठेवावयास हवें.

प्रथम त्यानें पहिलें घड्याळ घेतलें, आणि टोपी झाडावयाच्या साध्या ब्रशानें त्यावरची घाण काढली. ती दोन औंस भरली, म्हणजे जवळजवळ पांच तोळे. साफ झाल्यावर उणीव किती आहे हें दिसलें, आणि तें काम आपल्या आवांक्याबाहेरचें आहे हेंहि त्यानें ओळखलें. त्यानें तें बाजूला ठेवून आधीं सोपीं घेतलीं: चौथें, मग दुसरें, मग तिसरें, पहिलें शेवटीं. हा क्रम शहाणपणाचा होता. ज्याला गुरु नाहीं त्यानें कठीण धड्यानें आरंभ करूं नये. आणि येथें गुरु म्हणजे तीं घड्याळेंच होतीं. हॅरिसननें एका यंत्रांत केलेली युक्ति दुसऱ्यांत समजे, दुसऱ्यांतली चूक तिसऱ्यांत सुधारलेली दिसे.

कमानीच्या घड्याळाचें अंतरंग थोडक्यांत असें असतें. किल्ली दिली कीं मुख्य कमान गुंडाळली जाते. ती उलगडतांना दांतेदार चाकांची मालिका फिरवूं पाहते. तिला मोकाट सुटूं न देतां ठोक्याठोक्यास एकेक दांता सोडणारा एक अडसर असतो. आणि त्या अडसराला ताल देतें तें तोलचक्र, नाजूक कमानीच्या आधारानें मागेंपुढें झुलणारें. यांतील एकहि खुंटी झिजली, एक दांता वांकला, एका भोंकांत धूळ बसली, कीं सारें थांबतें. दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळां कांहीं नवें करणें नव्हे. कोणतें अंग कोणत्या अंगाला अडवीत आहे हें शोधीत बसणें. त्यासाठीं उघडलेल्या प्रत्येक स्क्रूची जागा टिपून ठेवावी लागते, कारण दिसावयास सारखे दोन स्क्रू क्वचितच सारखे असतात. गूल्डनें हें इतक्या निष्ठेनें केलें कीं त्याच्या अठरा वह्या भरल्या: आकृत्या, मापें, शंका, फसलेले प्रयत्न, सारें त्यांत आहे.

तिसरें घड्याळ सर्वांत अवघड ठरलें. त्यांत ७५३ सुटे भाग आहेत. दुसरें गुंतागुंतीचें होतें तरी त्याचा हेतु कळत असे. तिसऱ्यांत हॅरिसननें एकोणीस वर्षांत जें जें मनांत आलें तें तें घालून पाहिलें होतें, आणि कित्येक भाग तेथें कशाला आहेत हेंच उमगेना. गूल्डला त्यावर सुमारें सात वर्षें लागलीं. येथेंच हौशी माणूस आणि धंदेवाला घड्याळजी यांतला फरक कळतो. घड्याळजीला दुकान असतें, दारांत गिऱ्हाईक असतें, संध्याकाळीं गल्ला मोजावा लागतो. त्याचा हात गूल्डहून दहापट सफाईचा असला तरी एका यंत्रावर सात वर्षें घालविणें त्याला परवडत नाहीं. हॅरिसननें हिशेब न ठेवतां जें केलें तें हिशेब न ठेवणाराच्याच हातून पुन्हा उभें राहणार होतें.

पण हिशेब कोणीतरी ठेवीतच असतें. गूल्ड रात्र रात्र घड्याळांपुढें बसे, ग्रंथ लिही, सभांना जाई. घरीं पत्नी आणि दोन लहान मुलगे होते. त्याचें मन मधून मधून पुन्हा खचे. शेवटीं पत्नीनें कोर्टांत दाद मागितली, आणि १९२७ मध्यें न्यायालयानें दोघांना विभक्त राहण्याचा निर्णय दिला. मुलांचा ताबा गेला. प्रकरणाचा वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला आणि ॲडमिरल्टीतली नोकरीहि गेली. संसार मोडला तो केवळ घड्याळांपायीं असें म्हणणें खोटें ठरेल. त्यांत दुसरींहि दुःखें होतीं. परंतु गूल्डची कीर्ति गातांना त्या घरांत एकट्या बसलेल्या बाईची बाजू वगळणें हेंहि प्रामाणिकपणाचें नाहीं. तो आपल्या आईच्या घरीं राहावयास गेला, आणि घड्याळें त्याच्याबरोबर गेलीं.

एवढें सारें झाल्यावर त्यानें १९३१ मध्यें पुन्हा पहिलें घड्याळ हातीं घेतलें. त्याची अवस्था ऐकण्यासारखी आहे. मुख्य कमानी नाहींत, सांखळ्या नाहींत, ठोके देणारे अडसर नाहींत, तोलाच्या कमानी नाहींत, किल्लीची यंत्रणा नाहीं. घर्षण कमी करणाऱ्या चोवीस चाकांपैकीं पांच गायब. स्क्रू, खिळे यांसारखे बारीक भाग दहांतला एखादाच शिल्लक. सुदैव एवढेंच कीं हॅरिसननें हें यंत्र समतोल रचलें होतें. डाव्या अंगाला जें होतें तेंच उजव्या अंगाला. त्यामुळें हरवलेल्या भागाचा जोडीदार जेथें जिवंत होता तेथें त्यावरून नवा करतां आला. जेथें दोन्ही गेले होते तेथें रिकाम्या भोंकांवरून आणि पितळेवर उमटलेल्या घाशींवरून तर्क करावा लागला.

१९३३ च्या फेब्रुवारीची पहिली तारीख. बाहेर वादळ, माळ्याच्या खोलीच्या कांचांवर पावसाचा मारा. तोलाच्या कमानींना आवर घालणारे बारीक पोलादी तुकडे बसवून दुपारीं चारच्या सुमारास गूल्डनें शेवटचें काम पुरें केलें. पांच मिनिटांनीं घड्याळ चालूं लागलें. त्यापूर्वीं तें चाललें होतें १७ जून १७६७ या दिवशीं. मध्यें १६५ वर्षें गेलीं होतीं.

त्याच्या हातचें काम निर्दोष होतें असें मानण्याचें कारण नाहीं. वस्तुसंग्रहालयांतील आजचे जाणकार जुन्या वस्तूला नवा भाग जोडतांना फार जपतात, आणि जोडलेलें पुन्हा सुटें करतां आलें पाहिजे असा त्यांचा दंडक आहे. गूल्डच्या कांहीं पद्धति त्यांना धसमुसळ्या वाटतात, आणि त्यांचें म्हणणें रास्त आहे. परंतु जें त्यानें बदललें तें वह्यांत लिहूनहि ठेवलें, म्हणून त्याच्या चुका आज दुरुस्त करतां येतात. चूक करून ती लपविणारा कारागीर पुढच्याला आंधळा करतो; गूल्डनें तें केलें नाहीं.

त्याचा ग्रंथ 'द मरीन क्रॉनोमीटर' १९२३ मध्येंच प्रसिद्ध झाला होता, आणि शंभर वर्षांनंतरहि त्या विषयाचे अभ्यासक तो उघडतात. पण एका विषयांत रमणारा हा गृहस्थ नव्हता. लॉक नेसच्या जलराक्षसावर त्यानें पुस्तक लिहिलें, जुने टाइपरायटर जमविले, विंबल्डनच्या टेनिस सामन्यांत पंचाचें काम केलें. बी.बी.सी.वर मुलांच्या कार्यक्रमांत तो 'स्टारगेझर' या नांवानें बोले, आणि पुढें 'ब्रेन्स ट्रस्ट' या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांतहि बसे. श्रोत्यांना त्याच्या स्मरणशक्तीचें आश्चर्य वाटे; हाच मनुष्य मनाच्या आजारानें पुन्हा पुन्हा अंथरूण धरीत होता हें त्यांच्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. १९४७ मध्यें ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या घड्याळजींच्या संस्थेनें या न शिकलेल्या घड्याळजीला आपलें सुवर्णपदक दिलें. पुढच्याच वर्षीं, ५ ऑक्टोबर १९४८ रोजीं, तो वारला. १९९५ मध्यें डेव्हा सोबेल यांच्या 'लाँजिट्यूड' या पुस्तकानें हॅरिसनचें नांव घरोघर पोंचविलें. गूल्डचें सविस्तर चरित्र जोनाथन बेट्स यांनीं लिहिलें, तें २००६ मध्यें निघालें.

चारही घड्याळें आज ग्रीनिचला पाहावयास मिळतात. पहिलीं तीन चालूं ठेवलेलीं आहेत. त्यांना तेल लागत नाहीं. चौथ्याला, म्हणजे बक्षीस जिंकणाऱ्याला, तेल लागतें. तें चालविलें तर झिजेल, आणि तेल बदलण्यासाठीं वरचेवर उघडावें लागेल. म्हणून तें मुद्दाम बंद ठेवलें आहे. कांचेपलीकडे त्याचे कांटे स्थिर दिसतात, आणि शेजारीं त्या मणभर वजनाच्या पितळी यंत्राचे दोन दांडे परस्परांविरुद्ध सावकाश झुलत असतात.